मधल्या पेराने

"सर, ह्या परीक्षेत तुम्हाला स्वतःला किती मार्क पडले होते?"

प्रश्न माझा नव्हता. अक्षता आणि गार्गी मागच्या बाकावरून कुजबुजत होत्या, हेमांगी, तू हे विचारलंस तर शेवपुरीची अख्खी प्लेट तुझी, नाही विचारलंस तर तू भित्री. भित्री हे माझं नाव मागच्या वर्षापर्यंत होतं. मे महिन्यात वेसाव्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला एका कचेरीत पुढे ढकललं, मी टेबलापलीकडच्या माणसाला त्याच्याच फॉर्ममधली चूक दाखवली, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते मिटायला तयार नाही, असं आई म्हणते. म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं.

हॉलमध्ये नववीच्या दोन्ही तुकड्या बसलेल्या. सगळे हसले. सुयोग सर हसले नाहीत. ते आमच्या शाळेचे नव्हेत, बाहेरच्या संस्थेतून आलेले. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला ओळखपत्र. ते म्हणाले की ही चाचणी विद्यार्थ्यांसाठी आहे, शिक्षकांसाठी नाही, आणि मी बसावं. मी बसले. शेवपुरी जिंकले. पण सरांनी माझा चेहरा लक्षात ठेवला, हे मला तेव्हाच कळलं.

चाचणीचं नाव होतं डिजिटल साक्षरता. ज्यांना चांगले मार्क पडतील त्यातल्या वीस जणांना संस्था दोन वर्षं दर शनिवारी कॉम्प्युटर शिकवणार होती, अगदी प्रोग्रॅम लिहायलासुद्धा, आणि एक लॅपटॉप घरी न्यायला देणार होती. वीस जागा. सर हे सांगत होते तेव्हाच मी त्यातली एक मनातल्या मनात घेऊन टाकली. मी नाही तर कोण? आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांचे फॉर्म मी भरते. गॅसचा नंबर मी लावते. बाबांच्या बोटीसाठी हवामानाचा नकाशा मी उघडते आणि वारा कुठून येतोय ते जेट्टीवर जाऊन सांगते. मला कोणी शिकवलं नाही. फोन हातात आला आणि मी त्याच्या मागे लागले, एवढंच.

चाचणी गुरुवारी होती. आणि त्या आठवड्यात आमच्या घरात टेम्पोची कोळंबी चालू होती.

त्याचं असं झालं. ऑक्टोबर आला तरी पाऊस जाईना. बांबूंच्या वलांड्यांवर आईने दोन वेळा बोंबील जोड्या करून वाळत टांगले, दोन्ही वेळा दुपारी आभाळ भरून आलं. ओला बोंबील एक रात्र तसाच राहिला की सकाळी त्याचा रंग बदलतो. दुसऱ्या वेळी तर त्यात अळ्या वळवळायला लागल्या. आई आणि मी ते काढून खाडीत टाकून आलो. टोपली रिकामी करताना आईने तिच्या बुडावर दोन वेळा थापटलं, जसं पोर पोटभर ओकल्यावर त्याच्या पाठीवर थापटतात तसं. बोटी वादळाच्या इशाऱ्यामुळे बांधून ठेवलेल्या. बाबा दिवसभर जेट्टीवर जाळं शिवत बसायचे.

मग साकीनाक्याहून धोंडिरामचा टेम्पो यायला लागला. बर्फातली कोळंबी टबाटबाने उतरवायची, सोलून, धागा काढून दुपारच्या आत परत द्यायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी टब घेतले. आईने दोन घेतले, एक तिचा, एक माझा. माझी शाळा साडेबाराची. सकाळी साडेपाचला मी घरापुढच्या ओट्यावर बसायची, अकराला उठायची.

कोळंबी सोलायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एक टब सोलून दाखवावा. डोकं धरून मुरडायचं, पण जास्त नाही, नाहीतर मांस तुटतं. पायांच्या बाजूने सालाखाली अंगठा घालायचा आणि एका झटक्यात फिरवायचा. मग पाठीवर नखाने चीर देऊन काळा धागा ओढायचा. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो दर पाच-सहा कोळंब्यांमागे एकदा बोटात शिरतो. बर्फाने बोटं बधिर असतात म्हणून तेव्हा कळत नाही. दुपारी वर्गात पेन धरलं की कळतं. चार-पाच दिवसांत बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून सोलवटते, आणि मग आई तुरटीच्या पाण्यात हात बुडवायला लावते. तुरटीने आग थांबते, पण कातडी चपलेच्या तळासारखी होते. टोकाला रेषा म्हणून राहत नाहीत.

अशा बोटांना फोन ओळखत नाही. कितीही दाबा. म्हणून आमच्या गल्लीत कोणीच बोटाच्या टोकाने फोन वापरत नाही. बोट वाकवायचं आणि मधल्या पेराने टकटक करायची, दारावर करतात तशी. सरूबाई, आमच्या शेजारची, सत्तरी ओलांडलेली, तीसुद्धा मुलीला व्हिडिओ कॉल पेरानेच लावते. मीही तसंच करते आणि माझा वेग बघून अक्षता म्हणते की हेमांगी टाइप करत नाही गो, ढोलकी वाजवते.

चाचणी टॅबवर होती. जुने टॅब, काचेवर जाड प्लॅस्टिक चिकटवलेलं. एका वेळी दहा जण आत. वीस प्रश्न, प्रत्येकाला चाळीस सेकंद, वेळ संपली की प्रश्न आपोआप पुढे जाणार.

पहिल्या प्रश्नावर मी तर्जनीने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. प्रश्न निघून गेला. दुसऱ्याला मी बोट वाकवलं आणि पेराने दाबलं, लगेच लागलं. तिसरा, चौथा, पाचवा, मी सुसाट निघाले. तेवढ्यात सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ए, ठोकतेस काय? बोटाने दाब नीट. फुटेल तो."

मी सांगायला गेले की सर, बोटाने लागत नाही. ते म्हणाले की इतरांचं लागतंय. त्यांनी माझ्या हातातून टॅब घेतला, स्वतःच्या बोटाने दाबून दाखवलं, आणि मग तो नाकापाशी नेला. नेला म्हणजे मुद्दाम नव्हे, पण नेला. खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, कागदाने टॅब पुसला, दोन बोटांत धरून माझ्यासमोर ठेवला.

"आधी हात धुऊन ये."

सकाळी मी तीनदा साबण लावला होता. लिंबू चोळलं होतं. बाजूच्या टॅबवर आमच्या वर्गातला कृणाल होता, तो मान खाली घालून हसला. मी उठले, जिन्याखालच्या नळावर गेले, पुन्हा हात धुतले, आणि त्या वेळात प्रश्न एकेक करून निघून जात होते. परत आले तर ओल्या हाताने आणखीच लागेना. सर समोरच्या रांगेत उभे राहून माझ्याकडे बघत होते, म्हणून पेर वापरायची सोय नव्हती. मी तर्जनी घासत बसले, काचेवरचा डाग पुसतात तशी.

शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना सर पाठमोरे झाले. त्यातला एक होता, ओटीपी कोणाला सांगाल? बँकेला, नातेवाईकांना, कोणालाच नाही, इतर. इतरपुढे लिहायला रिकामी जागा होती. मी 'इतर' निवडलं आणि पेराने भराभर लिहिलं, ज्याचा असेल त्याला.

यात मी चूक काय केली, हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही.

बाजारात मासळी विकायच्या परवान्याचे फॉर्म भरले तेव्हा प्रत्येकीला मोबाइल नंबर विचारला होता. गल्लीतल्या निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याबरोबर समुद्रात असतो, उरलेल्यांचा मुलाबरोबर कामावर. घरी कायम असणारा फोन एकच, आईचा जुना, जो माझ्याकडे असतो. म्हणून अकरा जणींनी तोच नंबर दिला. आता सरूबाईचा सहा आकडी नंबर माझ्या फोनवर आला तर तो कोणाचा? माझा की तिचा? मी ओट्यावरून हाक मारते, सरूबाई, तुझा आकडा आलाय. ती हात पुसत येते. तिचा आकडा मी तिला सांगते. दुसऱ्या कोणालाही सांगत नाही, तिच्या सुनेलाही नाही. एकदा फोनवर एक माणूस बँकेतून बोलतो म्हणून आकडा मागत होता, त्याला मी एवढ्या शिव्या घातल्या की बाबा जाळं सोडून आत आले.

मंगळवारी यादी लागली. मी वरून वाचायला सुरुवात केली, अ गट, वीस नावं. कृणालचं सहावं. माझं नाही. ब गट. नाही. मग गार्गी माझा दंड धरून म्हणाली, हेमांगी, चल आपण जाऊ. ती वाचून बसली होती.

क गट. प्राथमिक मदतीची गरज. ह्या विद्यार्थ्यांनी रविवारी शिबिराला यावे. त्यात शिकवले जाईल, फोन चालू व बंद करणे, संदेश वाचणे, चित्र पाठवणे. खाली सात नावं, त्यात माझं.

कृणालचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मी भरलाय. त्याचा पासवर्ड त्याच्या नावापुढे एक-दोन-तीन आहे, तो मलाच माहीत आहे, कारण तो त्याला आठवत नाही.

मी रडले नाही. अक्षता म्हणते मी रडले, पण तो घाम होता. मधल्या सुट्टीत मी सरळ शिक्षकांच्या खोलीत गेले, अक्षता मागोमाग. रत्नप्रभा मॅडम आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या मॅडम. मी त्यांना म्हटलं की मला माझा पेपर बघायचाय. त्या म्हणाल्या असा पेपर दाखवत नाहीत. मी म्हटलं मग मी इथेच उभी राहते. त्यांनी सुयोग सरांना बोलावलं.

सरांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. वीस प्रश्नांपुढे रकाने. अकरा ठिकाणी लिहिलेलं, प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही म्हणजे उत्तर येत नाही, असं मशीनने धरलेलं. ज्या नऊ ठिकाणी मला दाबता आलं त्यातली आठ बरोबर. नववं ओटीपीचं, त्याला शून्य, आणि पुढे लाल खूण.

मी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले, मग उताणे केले. रत्नप्रभा मॅडमनी माझी तर्जनी धरली, अंगठ्याने टोकावरून फिरवली, आणि लगेच सोडली, भाजल्यासारखी. एवढंच म्हणाल्या, "अगं बाई."

सर वाईट माणूस नाहीत. ते थोडे गोंधळले. मग म्हणाले की ह्याला तांत्रिक अडचण म्हणता येईल, आणि अ गटातल्या एका मुलाने घर बदलणार म्हणून जागा सोडली आहे, तेव्हा येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी मला पुन्हा एकदा बसवता येईल. फक्त हात नीट करून यायचं. टॅबवर असं ठोकायचं नाही. आणि ओटीपीचं ते उत्तर ही फार धोक्याची सवय आहे, आदर्श उत्तर एकच, कोणालाच नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर अक्षताने माझ्या पायावर पाय दिला. निघताना सर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि बाळ, स्वच्छ होऊन ये हं."

त्या बाळने मला जेवढा राग आला तेवढा क गटाने आला नव्हता.

घरी मी सगळं सांगितलं. स्वच्छ होऊन ये हे सोडून. आईने टबातून हात काढला नाही, ऐकून घेतलं, आणि म्हणाली की आजपासून त्या शनिवारपर्यंत तू कोळंबीला हात लावायचा नाय. मी म्हटलं आई, दोन टब आहेत. ती म्हणाली, "मना मोजता येतात." मग उठून तिने खोबरेल तेलाची बाटली आणि बाबांचे जुने पायमोजे आणून दिले. तेल लावायचं, वर मोजे घालायचे, आणि बसायचं.

मी बसले. मेंदी लावलेल्या नवरीसारखी ओट्याच्या कोपऱ्यात, हातात मोजे, समोर आई. तीन दिवसांत मला कळलं की काम करण्यापेक्षा काम बघणं किती जड असतं. पुस्तक उघडलं तरी कानात तो आवाज, मुरडलं की कट्, साल टाकलं की टप्. माझ्या टबातला बर्फ विरघळून पाणी व्हायचं तरी आई तिचाच टब संपवत असायची. साडेअकराला टेम्पोचा हॉर्न वाजायचा आणि माझा टब अर्धा भरलेला. धोंडिराम टबाकडे बघून मान हलवायचा.

शुक्रवारी बाबा जेट्टीवर गेले नाहीत. त्यांनी जाळ्याची सुई कोनाड्यात ठेवली, पाट ओढला आणि माझ्या टबासमोर बसले. आमच्याकडे पुरुष समुद्रावर आणि जाळ्यावर, सोलणं बायकांचं. रस्त्यावरून बोटीवरचे दोघे गेले, आणि त्यातला प्रज्योतदादा थांबून म्हणाला, "चंदरभाऊ, बांगड्या कवा भरल्यास?" दुसरा मोठ्याने हसला. बाबाही हसले, म्हणाले की भरल्यात रे, हिरव्या, ये दाखवतो. पण ते दोघे वळणावर गेल्यावर बाबांनी तीन कोळंब्या लागोपाठ तोडल्या. त्यांची बोटं दोरीला सरावलेली, सालाखाली जातच नव्हती. आईने तुटलेल्या कोळंब्या गुपचूप उचलून स्वतःच्या बाजूच्या ताटात टाकल्या, आमच्या जेवणासाठी.

सोमवारी आईच्या अंगठ्यात काटा मोडला. मंगळवारी तो अंगठा वांग्याएवढा झाला. तिने त्यावर हळद बांधली, वरून फडकं, फडक्यावरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि चार बोटांनी सोलत राहिली. अंगात कणकण होती, डोळे लाल. मी मोजे काढायला लागले तर तिने नुसतं बघितलं. मी परत घातले.

आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी मी फोन हातात घेतला, तर्जनीचं टोक काचेवर ठेवलं, आणि फोन उघडला. एका झटक्यात. मी ओरडून आईला दाखवायला गेले. ती चुलीपाशी बसून उजव्या हाताच्या कोपराने भांडं सरकवत होती. मी फोन मागे लपवला.

गुरुवारी गावदेवीच्या मंडपात कॅम्प लागला. मासळी विकणाऱ्या बायकांची कार्डं नवीन करायची होती. कार्ड नसेल तर बाजारात बसायला जागा नाही. गल्लीतल्या सगळ्या निघाल्या. आईला कणकण होती, म्हणून तिचे कागद घेऊन मी गेले.

टेबलावर एक लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेलं अंगठ्याचं यंत्र, आणि मागे एक तरुण माणूस, घामाने भिजलेला. रांगेत पहिली सरूबाई. तिने अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. मग एकेक बोट, दहाही. लाल, लाल, लाल. त्या माणसाने वैतागून मान वर केली.

"आजी, हात धुऊन या जरा."

मी रांगेत मागे उभी होते.

सरूबाई नळावर गेली. धुऊन आली. लाल दिवा. तो म्हणाला कोरडे करून या. तिने लुगड्याच्या पदराने हात पुसले. लाल दिवा. तो म्हणाला, बोटांना काय लावलंय तुम्ही? तिने पुन्हा नळ गाठला. ह्या वेळी तिने तिथली नारळाची शेंडी उचलली आणि बोटांची टोकं घासली, भांडी घासतात तशी, आणि परत येऊन ती लालभडक बोटं त्या काचेवर ठेवली. दिवा लालच राहिला. पन्नास वर्षं बर्फ आणि मीठ आणि काटे ज्या बोटांनी खाल्ले, ती त्या माणसापुढे जोडून ती म्हणाली, "माजीच चूक हाय, बाबा. बोटां बाद झालीत."

मग मला थांबता आलं नाही. मी टेबलाला वळसा घालून त्या माणसाच्या बाजूला गेले. तो म्हणाला ए मुली, रांगेत. मी म्हटलं दादा, स्क्रीन खाली सरकवा, अंगठ्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात ओटीपीचा पर्याय असतो. त्याने सरकवलं. होता. त्याला तो माहीतच नव्हता; आदल्या दिवशी दुसऱ्या कोळीवाड्यात त्याने चाळीस बायका परत पाठवल्या होत्या, हे त्यानेच सांगितलं. त्याने दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला.

मी मंडपात उभी राहून हाक मारली, सरूबाई, तुझा आकडा आलाय. ती आली. मी तिच्या कानाशी सहा आकडे सांगितले, तिने ते एकेक करून त्या माणसाला सांगितले, दोन चुकले, परत सांगितले. हिरवी खूण आली.

दुपारी दोनपर्यंत मी तिथेच होते. शाळा बुडाली. अकरा जणींचे आकडे माझ्या फोनवर, बाकीच्यांचे कोणाच्या मुलाच्या, कोणाच्या जावयाच्या. मी फोन लावून, समजावून, शिव्या खाऊन ते मिळवले आणि जिचे होते तिलाच दिले. शेवटी त्या माणसाने मला आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं की मी कुठल्या कॉलेजला आहे.

"नववी ब," मी म्हटलं. "क गट."

त्याला काही कळलं नाही.

सरूबाई माझी वाट बघत पायरीवर बसली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि उलटून बघितला. म्हणाली, "बाय, बोटां कशी लोण्यासारखी झालीत. लगीन ठरलाय की काय?" आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या, मीही हसले. मग ती सहज म्हणाली, "ही लागतील कुटंपन." आणि स्वतःची बोटं पदराखाली घेतली.

घरी येईपर्यंत ते माझ्या मागे मागे आलं. ही लागतील कुटंपन. माझी लागतील म्हणून तिची लपवायची. माझी लागावीत म्हणून आईचा अंगठा. माझी लागावीत म्हणून बाबांना बांगड्या. आणि शनिवारी सर खूश होऊन म्हणतील, बघ, आता कसं नीट दाबतेस.

शुक्रवारी सकाळी मी उठून ओट्यावर आले. आई चार बोटांनी सोलत होती, बाबा तिसरा पाट टाकून तुटक्या कोळंब्या वेचत होते. मी मोजे काढले, घडी करून कोनाड्यात ठेवले, आणि माझा टब ओढला. बर्फात हात घातला तर कळ डोक्यात गेली. दहा दिवसांत बोटं लाडावली होती. पहिला काटा दुसऱ्याच कोळंबीला घुसला आणि बर्फाच्या पाण्यात लाल धागा उतरला.

आईने माझं मनगट धरलं. एक दिवस राहिलाय, म्हणाली, फक्त एक दिवस, आणि दहा दिवस मी काय झक मारली काय? तिचा आवाज चढला तसे बाबा मध्ये पडले, म्हणाले ऐकून तर घे ती काय म्हणते. आई म्हणाली, मना नाय ऐकायचा. पण मनगट सोडलं नाही, म्हणजे ऐकणार होती.

मी म्हटलं, आई, ती जागा मिळाली तर दोन वर्षं दर शनिवारी जायचंय. दोन वर्षं तू माझा टब सोलणार आहेस? बोंबील पुन्हा वलांडीवर चढले तरी मीठ आहेच, काटे आहेतच. एका शनिवारपुरती बोटं उसनी आणून मी पास होईन, आणि पुढच्या शनिवारी त्यांचा लॅपटॉप मला ओळखणार नाही, तेव्हा पुन्हा कोणीतरी म्हणेल हात धुऊन ये.

बाबांनी विचारलं, "मग जायचाच नाय?"

"जायचं तर आहेच," मी म्हटलं. "ती जागा माझी आहे. उद्या सकाळी माझा टब मी सोलणार, पुरा, आणि उठून तशीच जाणार. हात साबणाने एकदाच धुणार, चारदा नाही. मधल्या पेराने दाबणार, आणि ओटीपीचं उत्तर होतं तेच लिहिणार, खाली सगळ्या अकरा जणींची नावं घालून. सरूबाईला बरोबर नेणार आहे, तिने हो म्हटलंय. सरांनी तिच्या बोटांवरून एकदा अंगठा फिरवावा, मग काय ते म्हणावं."

"आणि नको म्हटलं त्यांनी तर?" आईने विचारलं. तिने माझं मनगट सोडलं होतं. सुजलेल्या अंगठ्यावरची पिशवी तिने दाताने घट्ट केली आणि पुढची कोळंबी उचलली.

मी माझी उचलली. डोकं मुरडलं, साल फिरवलं.

"तर मी त्यांना पहिला प्रश्न परत विचारणार. ह्या वेळी शेवपुरीसाठी नाही. त्यांच्यापुढे हा टब ठेवणार, आणि मार्क मी देणार."